समरकंदच्या पुढं मोडलेली भाकरी

गाडी समरकंदहून सुटली आणि निंगव्वानं कडक भाकरीचा डबा उघडून, समोर नव्यानं येऊन बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याशी कानडीत बोलायला सुरुवात केली. ज्याला मराठी कळत नाही त्याच्याशी कानडी बोलावं, हा तिचा दुधनीतला पन्नास वर्षांचा अनुभव होता आणि तो एकदाही फसला नव्हता. उझबेकिस्तानात तो का फसावा, याचं तिला काही कारण दिसत नव्हतं.

नात आरोही डॉक्टर झाली होती. बुखाऱ्याच्या कॉलेजात परवा तिला पदवी मिळायची होती आणि तो सोहळा बघायला दुधनीहून घरचे चौघं निघाले होते. निंगव्वा, तिचा थोरला मुलगा महेश्वर, त्याची बायको भुवनेश्वरी, म्हणजे आरोहीचे आईवडील, आणि धाकटा मुलगा गुरुशांत. त्यांना ताश्कंदच्या विमानतळावर घ्यायला आलेली आरोही रात्रभर जागी होती. गाडीत बसल्या बसल्या ती वरच्या बर्थवर चढली, बुखारा आलं की उठवा आणि तोवर कुणाशी काही बोलू नका, एवढं सांगून झोपली. त्यातलं पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

वेगवान गाडी होती. महेश्वरनं ती नाकारली. एवढ्या लांब येऊन लवकर पोचण्यात त्याला तोटा दिसत होता. मग ही संथ गाडी मिळाली. डबा आपल्या स्लीपरसारखाच उघडा, फक्त टोकाला एक मोठा बंब, त्यात कायम उकळतं पाणी, आणि डब्यावर देखरेख करायला गणवेशातली एक धिप्पाड बाई. बाईनं धुतलेल्या चादरी आणून दिल्या. भुवनेश्वरीनं त्या तितक्याच आदरानं परत केल्या आणि सोबत आणलेल्या सोलापुरी चादरी पसरल्या. त्यानंतर तेवढा भाग सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या दुकानासारखा दिसायला लागला आणि येणारे-जाणारे हात लावून पोत बघू लागले.

खिडकीबाहेर कापूस होता. महेश्वरनं तो दहा मिनिटं बघितला आणि दोन ओळींत अंतर जास्त सोडलंय असं जाहीर केलं. तेव्हापासून हा देश त्याला परका वाटेना.

आता निंगव्वाच्या कानडीत नेमकं काय होतं ते सांगायला हवं. या घराण्याची लग्नं रेल्वेत ठरतात. निंगव्वाचं आणि गुरुबसप्पांचं होटगीला गाडी बदलताना ठरलं. महेश्वरचं कुर्डुवाडीच्या अलीकडं, सिग्नल न मिळाल्यामुळं ठरलं. सिग्नल वेळेवर पडला असता तर आपण आज करमाळ्यात कुणाच्या तरी घरी सुखात असतो, असं भुवनेश्वरी सणासुदीला बोलून दाखवते. त्यामुळं रेल्वेच्या डब्यात पाय पडला की निंगव्वाच्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडतो, तुमच्यात पोरगी हाय का. सात वर्षं ती गुरुशांतसाठी हा प्रश्न घेऊन सोलापूर, गुलबर्गा, पुणे करत होती. गुरुशांत छत्तीसचा. द्राक्षाची बाग, तूर, सगळे दात शाबूत. पोरींच्या घरचे चहा पाजायचे, बागेची चौकशी करायचे आणि शेवटी पुण्यात नोकरी कधी लागणार असं विचारायचे.

मध्यंतरी सोलापुरात बिनलग्नाच्या पोरांनी बाशिंगं बांधून घोड्यावरून मोर्चा काढला. निंगव्वानं गुरुशांतला त्यात पाठवलं. घोड्याच्या पाठीवर टाकायला टॉवेल हवा म्हणून तो वाटेत एका दुकानात शिरला. गल्ल्यावर लावण्या बसली होती. तिनं टॉवेल कशाला हवा ते विचारलं, त्यानं सांगितलं, ती हसली, आणि मोर्चा पुढं निघून गेला.

तेव्हापासून दुधनीच्या घरात टॉवेल येत राहिले. अंगपुशे, मोठे, जाड, पातळ, किनारीचे. घरात पाच माणसं आणि तीन पिढ्यांना पुरतील एवढे टॉवेल झाल्यावर निंगव्वानं चौकशी केली आणि ऐकून नाही म्हणाली. लावण्या आपल्यातली नव्हती, विणकरांची होती. घरी तेलुगू बोलायची. गुरुशांतपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. आधी एक लग्न होऊन मोडलेलं होतं. शिवाय त्यांच्यात मटण चालायचं. महेश्वरनं आईची री ओढली, कारण बाजारात लोक विचारतील. भुवनेश्वरी गप्प बसली, कारण गुरुशांत बिनलग्नाचा असणं घराच्या सोयीचं होतं. म्हातारीचा दवाखाना तो करायचा, विहिरीची मोटार तो सोडायचा, आणि जावेच्या नावानं बोटं मोडायची वेळ तिच्यावर येत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी लावण्यानं गुरुशांतला सांगितलं होतं की तिचा भाऊ तिला भिवंडीला बोलावतोय. "परत येशील तेव्हा आईचं हो घेऊन ये," ती म्हणाली होती. "नाही मिळालं तर येऊ नकोस. टॉवेल लागला तर दुसरं दुकान बघ."

आरोहीच्या समोरच्या वरच्या बर्थवर पडून गुरुशांत हेच आठवत होता. ताश्कंदपासून त्यानं आईशी बोलायचं चारदा ठरवलं होतं. दर वेळी निंगव्वानं त्याला भाकरी दिली होती.

खाली गोष्टी वेगानं पुढं जात होत्या.

समोरच्या म्हातारीनं आपल्या गाठोड्यातून ताटाएवढी गोल, जाड, चकचकीत भाकरी काढून पुढं केली. महेश्वरनं ती घेऊन पालथी ठेवली. म्हाताऱ्यानं ती लगेच सुलटी केली, पालथी भाकरी त्यांच्यात चालत नसावी. नुसतं घेणं निंगव्वाच्या स्वभावात नव्हतं. तिनं भुवनेश्वरीला खूण केली आणि म्हातारीची ओटी भरायला लावली. इरकली खण, तांदूळ आणि नारळाऐवजी खारीक, कारण नारळ विमानतळावर काढून घेतला होता. म्हाताऱ्याच्या खांद्यावर जाड टॉवेल आला, डोक्यावर पांढरी टोपी आली. तो खिडकीच्या काचेत स्वतःला बघून इतका खूश झाला, की शेजारच्या डब्यात जाऊन दाखवून आला.

त्यांची नावं सनोबर आणि रुस्तम आहेत हे पुढं आरोही उठल्यावर कळलं. तोपर्यंत निंगव्वानं त्यांना सोनव्वा आणि रुद्रप्पा करून टाकलं होतं आणि ते दोघं या नावांना ओ देत होते.

मग तिनं वर बोट दाखवून तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. आमचं हे एक राहिलंय, गुणाचं हाय, तुमच्यात कुणी हाय का? सोनव्वानं वर बघितलं. वर दोन बर्थ होते. तिनं बराच वेळ, मायेनं बघितलं. मग फोन काढून फोटो पुढं केला. खरबुजाच्या शेतात एक उंच पोरगी उभी होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, काखेत खरबूज. शेजारी कुणीतरी पोरगाही होता. निंगव्वानं पोरगी बघितली, खरबूज कसं धरलंय ते बघितलं, आणि मान हलवली. सोनव्वानंही हलवली.

आता काहीतरी खायलाच हवं होतं. निंगव्वानं डब्यातली सगळ्यात मोठी कडक भाकरी काढली. सोनव्वानं एका बाजूनं धरली. भाकरी मोडेना. निंगव्वानं दुसऱ्या बाजूनं धरली. दोघींनी एकमेकींकडं बघत जोर लावला आणि भाकरी कडकन मोडली.

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि एकदम सगळाच डबा उठला. बायका सोनव्वाच्या गळ्यात पडल्या, तिथून सुटून निंगव्वाच्या गळ्यात पडल्या. पलीकडच्या एका माणसानं खरबूज कापून वाटायला घेतलं. गणवेशातली बाई चहाचे पेले घेऊन आली आणि तिनं डोळे पुसले. तिलाही टॉवेल देण्यात आला. मोडलेल्या भाकरीचे तुकडे शेंगाचटणी लावून डब्याच्या टोकापर्यंत गेले आणि टोकापर्यंत लोक खोकत, रडत, आनंदात न्हाऊन निघाले. रुद्रप्पांनी आपल्या सामानातून रेशमी, कापूस भरलेला, घोट्यापर्यंतचा कोट काढला आणि महेश्वरच्या अंगावर चढवला. जुलै महिना होता. महेश्वरनं घरातला कर्ता म्हणून तो घातला आणि घातलेलाच ठेवला.

"आपल्याकडं सुपारी फुटती, यांच्याकडं भाकरी," निंगव्वानं घरच्यांना समजावलं. "ठरलं. गुरूचं ठरलं."

तिला हे कसं कळलं, असं पुढं सगळ्यांनी विचारलं. तिचं म्हणणं, तिला सगळं बरोबरच कळलं होतं.

यानंतरचे दोन तास घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळ्यांचं वेगवेगळं मत होतं आणि कुणीही ओरडत नव्हतं.

महेश्वर कोटात घाम गाळत मोठा मोठा होत गेला. आधी त्यानं रुद्रप्पांकडून बोटांच्या खुणांनी खरबुजाचं क्षेत्र काढून घेतलं. मग तूरडाळ इकडं पाठवायची आणि वाळलेली जर्दाळू तिकडं न्यायची, असा व्यवहार त्यानं मनात उभा केला. तो बायकोला म्हणाला की जग जवळ आलंय. जातपात, देश, या माणसानं केलेल्या गोष्टी आहेत. बसवेश्वरांनी हेच सांगितलं होतं, पण दुधनीत ऐकतो कोण. भुवनेश्वरीनं पंचवीस वर्षांत त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

भुवनेश्वरीचा हिशेब वेगळा होता. आतापर्यंत तिला फक्त जाऊ नको होती. आता सहा फुटांची जाऊ येऊ घातली होती, जिला टोमणा मारायचा तर आधी त्याचं भाषांतर करून घ्यावं लागणार होतं. शिवाय आरोहीनं पहिल्या वर्षी फोनवर सांगितलेलं तिला आठवलं की या बाजूला काही लोक घोडा खातात. तिनं फोटोतल्या पोरीकडं पुन्हा बघितलं. मग बाहेर बघितलं. कापूस संपून आता नुसतं रान लागलं होतं, झाड नाही, बांध नाही, ज्याला दुधनीची वाट विचारावी असा माणूस नाही. तिनं निर्णय घेतला आणि वर बर्थकडं तोंड करून दिराला हळूच म्हणाली, "भाऊजी, ती टॉवेलवाली काय वाईट न्हवती बगा. मटणच खाती. घोडा तर खात न्हाय."

गुरुशांत खाली उतरला.

उतरताना त्याच्या मनात काही डाव नव्हता. तो सरळ सांगणार होता की हे थांबवा, मला दुसरीशी करायचंय. पण आधी त्याला आई दिसली. निंगव्वा खिडकीशी बसली होती, फोटो दाखवणारा फोन तिच्या मांडीवर होता, आणि ती त्या पडद्यावरून अंगठा फिरवत होती, फोटो विझू नये म्हणून.

"पयल्यांदा कुणीतरी हो म्हणालं रं," ती म्हणाली. "सात वर्सात पयल्यांदा. तुला बगून हो म्हणालं. पुण्याचं काय इचारलं न्हाय."

गुरुशांत तिच्या शेजारी बसला. थोडा वेळ तोही फोटोकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "अव्वा, पण ही आपल्यातली न्हाय की."

"आपल्यातली आसती तर एवढ्या लांब आलो आसतो का?"

"बोलणार कशी तुज्याशी?"

"शिकंल. मी दुधनीला आले तवा मला कुटं मराठी येत हुतं. तुजा बाप पानी मागायचा, मी चप्पल आणून द्यायची. संसार झालाच की."

"माज्यापेक्षा मोठी आसंल वयानं."

"मोठीच बरी. घरात एक तरी शाणं माणूस पायजे."

भुवनेश्वरीनं मान वर केली. तिला दिराच्या आवाजात काहीतरी वेगळं लागलं. महेश्वरला उकाड्यामुळं काही लागत नव्हतं.

"मटण खातीत हे लोक," गुरुशांत म्हणाला.

निंगव्वाला इथं थोडा वेळ लागला. तिनं सोनव्वाकडं बघितलं. सोनव्वा तिच्याकडं बघून हसली आणि चहाचा पेला तिच्या हातात दोन्ही हातांनी दिला. "चूल येगळी मांडू," निंगव्वा म्हणाली. "पत्र्याच्या खोलीत जागा हाय. काय खाती ते तिचं तिनं खावं. कुणाच्या ताटात डोकावू नये माणसानं."

"आणि समजा, आदी एक लगीन झालं आसंल, मोडलं आसंल, तर?"

महेश्वर आता जागा झाला. असं काही असलं तर आधीच विचारून घ्यावं, असं तो म्हणणार होता, पण निंगव्वानं हात वर केला. तिनं फोटोतल्या पोरीकडं निरखून बघितलं, जणू तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"मोडलं आसंल तर त्यो नालायक आसंल," ती म्हणाली. "असली पोर कुणी सोडत आसतंय व्हय."

"ध्यानात ठेव," गुरुशांत म्हणाला. "वैनी, तुमी बी ध्यानात ठेवा." आणि तो बंबावरून पाणी आणायला निघून गेला. पाणी कुणालाच नको होतं.

तो परत येईपर्यंत आरोही उठली.

ती उठली, कारण तिच्या तोंडावर रेशमी रुमाल पडला. सोनव्वानं गणवेशातल्या बाईला वर चढवून तो तिच्या अंगावर घालायला लावला होता. आरोहीनं डोळे उघडले तर अर्धा डबा माना वर करून तिच्याकडं बघत होता आणि बाई तिच्या दोन्ही गालांचे मुके घेत होती. खाली तिचे वडील भरजरी कोटात उकडून निघत होते. एक अनोळखी म्हातारा गांधी टोपी घालून खरबूज खात होता.

आरोहीची उझबेक भाषा दवाखान्यातली. कुठं दुखतं, श्वास घ्या, सोडा, कधीपासून, एवढीच वाक्यं तिला पक्की यायची. तिनं सोनव्वाला विचारलं, कधीपासून? सोनव्वा म्हणाली, समरकंदपासून. मग गणवेशातली बाई मध्ये पडली, तिच्याशी रशियनमध्ये बोलणं झालं, आणि आरोहीचा चेहरा हळूहळू वॉर्डात असतो तसा झाला.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही बसा आधी."

महेश्वर बसलेलाच होता.

आरोहीनं सांगितलं. इथं भाकरी मोडली म्हणजे लग्न ठरलं, हे अज्जीला बरोबर कळलंय. पण भाकरी मुलीच्या घरी मोडतात, मुलाकडचे येऊन. आणि कोट मुलीच्या बापाला देतात. फोटोतली पोरगी त्यांची नात, तिला दोन मुलं आहेत. शेजारचा पोरगा नातू. गाड्या दुरुस्त करतो. अज्जीनं वर बोट दाखवलं तेव्हा यांना वाटलं, ती मला दाखवतेय. ठरलंय ते काकाचं नाही. माझं ठरलंय.

महेश्वरनं अंगावर साप पडल्यासारखा कोट काढला. मग आपला अपमान झालाय की त्यांचा, हे न कळल्यामुळं तो घडी करायला लागला, आणि कोटाची घडी होईना. जग जवळ आलं असलं तरी त्यानं आपल्या घरापासून जरा लांब बसावं, अशा अर्थाचं काहीतरी तो पुटपुटला. बसवेश्वरांचं नाव त्यानं या वेळी काढलं नाही. भुवनेश्वरी उठून आरोहीच्या बर्थखाली दोन्ही हात पसरून उभी राहिली, जणू कुणी पोरीला वरच्या वर उचलून खरबुजाच्या शेतात नेणार होतं.

निंगव्वा मात्र हललीसुद्धा नाही. तिनं फोटोकडं बघितलं. पोरगा होता, खरंच होता, सोनव्वाचा अंगठा त्याच्याच बाजूला होता. "म्हंजी," ती म्हणाली, "गुरूला कुणी हो म्हणालंच न्हाय."

हे कुणी भाषांतर करून सांगितलं नाही, पण सोनव्वानं उठून तिचा हात धरला.

आरोहीनं सोनव्वाला सांगायचं ते सांगितलं. मी लग्न करणार नाहीये, निदान यांच्या नातवाशी नाही, मला कुणी विचारलेलं नाही, मी झोपले होते. दवाखान्यातल्या उझबेकमध्ये हे तापाच्या तक्रारीसारखं निघालं. सोनव्वानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हसायला सुरुवात केली. ती हसली, रुद्रप्पा हसले, टोपी सावरत हसले, मग खबर डब्याच्या टोकाला गेली आणि तिकडूनही हसणं आलं. नातवाला फोन लावला गेला. तो एका मोटारीखाली झोपून काम करत होता. तुझं लग्न ठरलं होतं आणि मोडलं, एका डॉक्टरणीशी, असं आजीनं सांगताच फोनमध्ये काहीतरी लोखंडी आपटल्याचा आवाज आला आणि मग तो कपाळ चोळत पडद्यावर आला. लग्न मोडलं यापेक्षा ते ठरलं होतं, याचंच त्याला जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

चूक आमची, सोनव्वा म्हणाली. मुलीला उठवून विचारायला हवं होतं. पण भाकरी मोडलीय, सगळ्या डब्यानं खाल्लीय. ती वाया गेलेली बरी नाही. तुमच्यात लग्नाचं दुसरं कुणी आहे का?

हा तिथला रिवाज होता की सोनव्वानं तिथल्या तिथं केला, ते आरोहीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं फक्त मराठीत सांगितलं आणि सगळ्यांनी गुरुशांतकडं बघितलं. तो पाण्याची गरम बाटली या हातातून त्या हातात करत उभा होता.

"अव्वा," तो म्हणाला, "मगा तू ज्या पोरीला हो म्हणालीस, ती कोण?"

"ती कोण म्हंजी? ती दोन लेकरांची आई निगाली की."

"तू हो म्हणालीस ती ही फोटोतली न्हवं. आपल्यातली नसंल तर चालंल, दुसरी भाषा चालंल, मोठी चालंल, मटण खाल्लं तर चूल येगळी मांडू, पयलं लगीन मोडलं आसंल तर त्यो नालायक. अशी पोरगी या गाडीत कुणीच न्हाय. ती सोलापुरात दुकानात बसलीया."

निंगव्वानं भुवनेश्वरीकडं बघितलं. भुवनेश्वरी म्हणाली, "मी ऐकलंय अत्याबाई. तुमीच म्हणालात." मग तिला राहवेना. लावण्याला आपण भाकरी थापताना बघितलंय आणि अशी भाकरी आपल्यालाही जमत नाही, असंही तिनं ठोकून दिलं. तिनं लावण्याला कधीच बघितलं नव्हतं.

निंगव्वानं महेश्वरकडं बघितलं. तो शेवटचा गड होता. महेश्वरनं कोट मांडीवर दाबून धरला होता आणि आपली पोरगी बर्थवर आहे की नाही ते दर थोड्या वेळानं बघत होता. "सोलापूर बरं की," तो म्हणाला. "जवळ हाय. एका गाडीत जाऊन येता येतंय."

बाहेर नुसतं पिवळं रान पळत होतं. निंगव्वाला एकदा वाटलं की रागवावं, पोरानं आपल्याला शब्दात पकडलंय. पण रागवायचं तर त्या मगाच्या दोन तासांवर रागवावं लागलं असतं, आणि सात वर्षांत तेवढेच दोन तास तिला हलकं हलकं वाटलं होतं.

"लाव फोन," ती म्हणाली.

आरोहीच्या मोबाइलवरून नेट घेऊन गुरुशांतनं फोन लावला. त्याचा अंगठा दोनदा चुकला. पलीकडं दुकान दिसलं, मग छत, मग लावण्या. तिच्या कानावर पेन होतं आणि मागं कुणीतरी चादरीच्या रंगावरून भांडत होतं. गुरुशांत काही बोलायच्या आत निंगव्वानं फोन हिसकून घेतला आणि अगदी नाकाजवळ धरला.

"मी निंगव्वा. गुरूची अव्वा."

लावण्यानं कानावरचं पेन काढलं. "नमस्कार," ती म्हणाली.

निंगव्वानं रेल्वेत शेकडो लोकांना पोरगी मागितली होती. एवढ्या वर्षांत खुद्द पोरीशी बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं घसा साफ केला. सोनव्वानं मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. सगळा डबा, ज्यातल्या एकालाही शब्द कळत नव्हता, श्वास धरून होता.

"जेवलीस का?"

"नाही अजून. गिऱ्हाईक आहेत."

"जेव येळेवर." मग आणखी काही सुचेना, तेव्हा होतं तेच निघालं. "तू आमाला पायजेस. मी मागं नगं म्हणाले. ते ऱ्हाऊ दे. येतीस का आमच्यात?"

पलीकडं चादरीवरचं भांडणसुद्धा थांबलं. लावण्या पडद्यातून बघत राहिली. गुरुशांत बाजूला उभा होता. त्याला तिचा फक्त अर्धा चेहरा दिसत होता आणि त्यावरून त्याला काहीच ठरवता येत नव्हतं.

"माझ्या आईला विचारून सांगते," लावण्या म्हणाली. ती हसली का, ते कळायच्या आत चित्र गोठलं आणि फोन तुटला.

पुढं रेंजच नव्हती. गुरुशांतचं तोंड मात्र कानापर्यंत गेलं होतं. भुवनेश्वरीनं त्याला धरून बसवलं. सोनव्वानं आरोहीला काय झालं ते विचारलं. आरोहीनं सांगितलं की मुलगी आईला विचारणार आहे. सोनव्वानं हे ऐकून, घर चांगलं दिसतंय, अशा अर्थानं मान हलवली.

निंगव्वा मात्र फोन हातात घेऊन तशीच बसली होती. हो म्हणणं इतकं अवघड गेल्यावर ते समोरून लगेच उचललं जाईल, याबद्दल मघापर्यंत तिच्या मनात शंकाच नव्हती. तिनं काळ्या पडद्यावर अंगठा फिरवून बघितला. मग पदरानं तोंड पुसून ती मुलाकडं वळली.

"गुरू," तिनं हळूच विचारलं, "तिची आई नगं म्हणाली तर रं?"